इटलीची देशी द्राक्षं चाखायला कशी सुरुवात कराल

इटालियन वाइन कुठून सुरू करू, असं कुणी विचारलं की मी बारोलोचं नाव घेत नाही. मी तोरिनोत राहते, बारोलो गाव इथून गाडीने तासाभरावर आहे आणि माझा सगळा जीव त्या वाइनवर आहे. तरी पहिली बाटली ती नको.

तोरिनो ज्या प्रांतात आहे त्या पिएमोंतेच्याच तीन साध्या बाटल्या घ्या: दोल्चेत्तो, बार्बेरा आणि लांगे नेब्बियोलो. चार-सहा जण जमवा आणि तिन्ही शेजारी शेजारी ओता. आपल्याकडे उन्हाळा असेल तर आधी पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा. गरम रेड वाइनमध्ये अल्कोहोलच पुढे येतं.

दोल्चेत्तो आधी. रंग गर्द जांभळा, आंबटपणा बेताचा, शेवटी किंचित कडसर. ही वाइन ताजी असतानाच प्यायची. बार्बेराचं उलट आहे. ती चांगली आंबट, तुरटपणा मात्र नावाला. टोमॅटोच्या सॉसचा पास्ता असेल तर मी हीच उघडते.

आता नेब्बियोलो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. रंग इतका फिका की खालची अक्षरं वाचता येतील, कडेला विटकरी छटा. वास गुलाबाचा, थोडा डांबराचाही. रंग बघून वाटतं, हलकीच असणार. घोट घ्या, हिरड्या कच्चं जांभूळ खाल्ल्यासारख्या आवळून येतात. म्हणून ही वाइन रिकाम्या पोटी पिऊ नका. लोणी, जुनं चीज, चरबीचं मटण असं काही सोबत हवं, मग तोच तुरटपणा गोड वाटायला लागतो. बारोलो याच द्राक्षाची. नियमाने ती ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. याच द्राक्षाच्या बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात. लांगे नेब्बियोलोला अशी सक्ती नाही, म्हणून ती स्वस्त पडते.

लेबल वाचताना एक जागा नीट पाहा. ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’मध्ये मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे. ‘विनो नोबिले दी मोंतेपुल्चानो’मध्ये ते तोस्कानातलं (टस्कनीतलं) गाव आहे आणि आत मुख्यतः सांजोवेझे हे द्राक्ष. तिकडच्याच कियांती क्लासिको या वाइनमध्ये सांजोवेझे किमान ८० टक्के असते, ब्रुनेल्लोत शंभर टक्के. आपल्या अकलूजलाही सांजोवेझेची लागवड झाली आहे, तेव्हा एखादी कियांती आणि अकलूजची एखादी बाटली एकत्र उघडून बघाच.

इटलीच्या दक्षिणेत आल्यानिको हे द्राक्ष आहे. त्याची वाइन उशिरा पिकणारी, ज्वालामुखीच्या मातीतली, भरपूर तुरट. ती घाईने उघडू नका, काही वर्षं जुनी झालेली शोधा. आणि नेब्बियोलो आवडली असेल, तर पुढची बाटली सिसिलीतल्या एत्ना ज्वालामुखीच्या उतारावरच्या नेरेल्लो मास्कालेझे द्राक्षाची घ्या. रंग तसाच फिका, आंबटपणा तसाच ताठ.