तोच डोंगर, तीच चौकट
एखादा देखणा फोटो वाहवा मिळवतो. जंगल आटतंय याचा पुरावा हवा असेल, तर दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच वेळी, त्याच खडकावरून फोटो घ्या. ट्रायपॉडची उंची, फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद दृश्य पकडते ते सांगणारा मिमीमधला आकडा) आणि कॅमेऱ्याची दिशा वहीत लिहा. झूम लेन्स अगदी टोकाला ठेवा, म्हणजे 24-70 असेल तर 24 मिमीवर. मधला आकडा पुन्हा नेमका सापडत नाही. जुना फोटो मोबाइलवर उघडून जवळचा दगड आणि मागचा सुळका यांच्या कडा जुळवा. त्या एकमेकींपासून सरकल्या असतील तर झूम फिरवून उपयोग नाही, ट्रायपॉडच हलवावा लागतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतली रंगछटा ठरवणारी सेटिंग, डेलाइटवर पक्की करा; ऑटोवर गवताचा रंग दरवेळी वेगळा येतो. आणि आसपास दुर्मीळ पक्ष्याचं घरटं असेल, तर फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी फोटोतली जीपीएस नोंद, म्हणजे ठिकाणाचा पत्ता, पुसा.