‘शेठ लोकांचा पक्ष कोणता?’ हा वाद घालायची रीत

मी अमळनेरात करसल्लागार आहे. आयकराची विवरणपत्रं, जीएसटी, जिनिंगवाल्यांच्या वह्या हे माझं काम. जुलै महिन्यात ऑफिसात खुर्ची रिकामी नसते आणि बसलेल्यांमध्ये एक वाद हमखास पेटतो: कोणता पक्ष शेठ लोकांचा? एक म्हणतो, "तुमच्या सरकारने कंपन्यांचा कर कमी केला." दुसरा म्हणतो, "तुमच्या लोकांनी साठ वर्षं घरं भरली." आवाज चढतात, चहा गार होतो, माझं काम तसंच पडून राहतं. ऐकून ऐकून या वादाची एक रीत माझ्या डोक्यात बसली आहे. ज्यांना तो घालायचाच आहे त्यांच्यासाठी लिहितो.

सुरुवात पक्षाच्या नावाने करू नका, निर्णयाने करा. काय केलं, कोणत्या साली, तेव्हा अर्थमंत्री कोण. "काँग्रेस गरिबांची" किंवा "भाजप व्यापाऱ्यांचा" या वाक्यांवर फक्त ओरडता येतं. निर्णय समोर ठेवला की बोलता येतं. बापाची इस्टेट पोराकडे जाताना लागणारी इस्टेट ड्यूटी १९५३ पासून होती. ती १९८५ साली बंद झाली, सरकार राजीव गांधींचं, अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह. संपत्ती कर १९५७ चा. तो २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी काढला. त्यातून वर्षाला जेमतेम हजार कोटी येत होते, आणि त्याऐवजी एक कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला. इंदिरा गांधींच्या काळात, १९७३-७४ साली, वैयक्तिक उत्पन्नावरचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. १९९७ साली चिदंबरम यांनी तो ४० वरून ३० वर आणला, तेव्हा सरकार संयुक्त आघाडीचं आणि काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा. शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर २००४ साली काँग्रेस आघाडीने काढला, २०१८ साली जेटलींनी परत आणला. २० सप्टेंबर २०१९ ला निर्मला सीतारामन यांनी सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्यात आणि सोबतच्या सवलतींत मिळून वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी महसूल जाईल असा सरकारचाच अंदाज होता.

ही यादी वाचून "म्हणजे सगळे सारखेच" म्हणत हात झटकू नका, तो आळस आहे. सगळे निर्णय एका वजनाचे नाहीत. माझं मत विचाराल तर यातला पैशाने सर्वांत मोठा निर्णय २०१९ चा. त्याची बाजू घेणारे म्हणतात की कारखाने यायचे तर दर शेजारच्या देशांच्या जवळ हवा, आणि हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण ज्याला २०१९ चा निर्णय श्रीमंतांचा वाटतो त्याने १९८५ चाही तसाच म्हणायची तयारी ठेवावी. इस्टेट ड्यूटी आमच्या गल्लीत कोण भरत होतं? ज्यांच्या वाड्याला दोन दरवाजे होते ते.

पुढचं काम म्हणजे ‘श्रीमंत’ कोण ते आधी ठरवून घेणं. खान्देशात हे कापसावरून चटकन कळतं. ५ मार्च २०१२ ला केंद्राने कापसाची निर्यात एका फटक्यात बंद केली. सरकार काँग्रेस आघाडीचं. गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा हा हिशेब, आणि भाव पडणार म्हणून बोंब शेतकऱ्यांची. खुद्द कृषिमंत्री शरद पवार विरोधात बोलले आणि आठवड्याभरात बंदी सैल झाली. आता दुसरी बाजू बघा. आयात कापसावर ११ टक्के शुल्क २०२१ च्या अर्थसंकल्पात लागलं, सरकार मोदींचं. शेतकऱ्याच्या फायद्याचं. त्याच सरकारने २०२२ साली काही महिने ते माफ केलं, आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत पुन्हा. अमेरिकेच्या जादा शुल्काने कापड निर्यातदार अडचणीत आले होते, त्यांना हात द्यायचा होता. पण तारीख बघा: आमच्याकडे वेचणी सुरू होण्याच्या तोंडावर. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ८११० रुपये होता, तरी सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ओलावा जास्त निघाला की शेतकरी गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याकडेच वळतो.

आता सांगा, कापसाच्या वादात शेठ कोण? गिरणीवाला, कापूस निर्यातदार, जिनिंगवाला, की चाळीस एकरवाला पाटील जो घरात कापूस भरून भाव वाढायची वाट बघू शकतो? गिरणीवाल्याचं आणि कापूस निर्यातदाराचं हित इथे एकमेकांच्या उलट आहे. समोरच्याने "उद्योगपतींचं सरकार" म्हटलं की शांतपणे विचारा, कोणत्या उद्योगपतींचं? निम्मे वाद इथेच थांबतात, कारण पुढचं कोणी वाचलेलं नसतं.

कर्जाच्या मुद्द्यावर सगळ्यांत जास्त घोळ होतो. "उद्योगपतींचं कर्ज माफ केलं, शेतकऱ्याचं नाही" हे वाक्य कानावर आलं की वही उघडून दाखवावीशी वाटते. बँक बुडीत कर्ज निर्लेखित करते तेव्हा ते ताळेबंदातून निघतं. कर्जदाराची देणेदारी संपत नाही, वसुलीचे दावे चालू राहतात. शेतकरी कर्जमाफीत सरकार बँकेला पैसे देतं आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. हिशेब वेगळे आहेत. पण भाजपवाल्या भाच्याने एवढ्यावर उड्या मारू नयेत, कारण निर्लेखित कर्जातून प्रत्यक्ष वसूल होतं ते फार थोडं. आणि काँग्रेसवाल्या मामाने २००८ च्या कर्जमाफीचं गुणगान करताना हे आठवावं की पाच एकरांच्या आतल्याचं पूर्ण माफ झालं, वरच्याला पंचवीस टक्के सूट मिळाली, आणि ज्याने सावकाराकडून घेतलं होतं त्याला काहीच नाही. कोरडवाहू सात एकरवाला आमच्याकडे श्रीमंत समजायचा का, हा प्रश्न तेव्हाही कोणी नीट विचारला नाही. राज्यातल्या २०१७ आणि २०१९ च्या माफ्या दोन वेगळ्या सरकारांच्या. त्यावर भांडायचं असेल तर गावच्या सोसायटीच्या गटसचिवाला बोलवा, माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

निवडणूक रोख्यांवर मात्र थोडक्यात बोला. पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी द्यायची ती योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवली. सगळ्यांत मोठा वाटा भाजपचा होता, तृणमूल, काँग्रेस, भारत राष्ट्र समिती, बिजू जनता दल, द्रमुक यांनीही घेतले. एवढं बोलून पुढे सरका, नाहीतर रात्र जाते.

एक युक्ती सांगतो, ती हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत उपयोगी पडते. आपल्या आवडत्या पक्षाचा एक न पटलेला निर्णय सुरुवातीलाच स्वतःहून सांगून टाका. समोरचा मग आपलाही एक काढतो, नाही काढला तर निदान आवाज खाली येतो. मागच्या हंगामात धरणगावकडच्या एका मळ्यात असंच चाललं होतं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, बडगीत मिरच्या ठेचल्या जात होत्या आणि आमचे नाना व बापू गरिबांचा खरा पक्ष कोणता यावर घसा कोरडा करत होते. वांगी उलटत बसलेला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, मध्येच म्हणाला, "नाना, पार्टी कोन्तीबी राहो, मन्हं साल कितलामा ठरी ते सांगा." नानांनी विषय बदलला.

त्या सालदाराची बाजू मांडायची असेल तर आयकर सोडा, त्याचा त्याच्याशी संबंध नाही. रेशन आणि रोजच्या वस्तूंवरचा कर बघा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, मनमोहन सिंग सरकारचा. तेव्हा तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये किलो. जानेवारी २०२३ पासून तेच धान्य मोदी सरकारने फुकट केलं. श्रेय दोघं घेतात, घेऊ द्या. आणि साबणाच्या वडीवर शेठ आणि सालदार सारखाच जीएसटी भरतात. ते दर ज्या परिषदेत ठरतात तिथे केंद्राबरोबर सगळ्या राज्यांचे मंत्री बसतात, म्हणजे सगळे पक्ष. गरिबाच्या खिशाचा वाद खरा तिथला आहे आणि तो कोणी घालत नाही.

तपासायचं कुठे? टीव्हीवर नाही. अर्थमंत्र्यांच्या भाषणाचा भाग ‘ब’ वाचा, कराचे मुख्य प्रस्ताव त्यात असतात. अर्थसंकल्पाच्या कागदांत करसवलतींमुळे किती महसूल सुटला याचंही विवरणपत्र असतं, कंपन्यांचं वेगळं, व्यक्तींचं वेगळं. मोबाईलवर आलेल्या मजकुरात साल नसेल तर तो पुढे पाठवू नका.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत अवघड प्रश्न. तो आपल्याच मातीतला आहे. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे मंजूर झालेल्या शेतीच्या कार्यक्रमात कुळाचा खंड आणि सरकारी सारा कमी करण्याची मागणी होती, आणि एका ठरावीक मर्यादेच्या वर शेतीच्या उत्पन्नावरही इतरांसारखाच चढत्या दराने आयकर लावावा, हेही होतं. फैजपूरच्या आसपास आज केळीचे मळे आहेत. केंद्राच्या आयकरातून शेतीचं उत्पन्न आजही बाहेर आहे, दोन एकरवाल्याचंही आणि केळीचे ट्रक भरभरून पाठवणाऱ्याचंही. काही मोठे लोक दुसऱ्या धंद्याचा पैसा शेतीत दाखवतात हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ना काँग्रेस यावर बोलते, ना भाजप, ना दोन्ही राष्ट्रवादी, ना दोन्ही शिवसेना. छोट्या शेतकऱ्याला हात न लावता वरच्या थराला कर लावता येईल असं मला वाटतं. तुम्हाला नसेल वाटत तर त्यावर वाद घाला, तो घालण्याजोगा आहे. प्रचाराला उमेदवार दारात आला की विचारून बघा. मी दोन्ही बाजूंच्या उमेदवारांना विचारलं आहे. एकाने हसून पाणी मागितलं, दुसऱ्याने "साहेबांशी बोलून सांगतो" म्हटलं. कोणते साहेब, ते काही सांगितलं नाही.