ठरलेले भाडे आणि आलेले बिल यांचा मेळ जॉबमध्येच घालावा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीतून न्हावा शेवा बंदरात कंटेनर पाठवताना ट्रान्सपोर्टरशी भाडे व्हॉट्सअ‍ॅपवर ठरते, गाडी सॉफ्टवेअरमधल्या जॉबला (म्हणजे त्या एका मालपाठवणीच्या नोंदीला) लावली जाते आणि महिनाअखेरीस बिल मात्र वेगळ्याच रकमेचे येते. मग जुने संदेश शोधण्यात हिशेबनिसाचा अर्धा दिवस जातो.

यावर उपाय असा, की गाडी लावण्यापूर्वीच त्या जॉबमध्ये खरेदीची नोंद करावी. दोन-तीन ट्रान्सपोर्टरांचे दर तिथेच भरावेत, निवडलेल्या दराला मंजुरी द्यावी आणि मंजुरीशिवाय बिल्टी (मालासोबत जाणारी वाहतूक पावती) छापलीच जाणार नाही, अशी सेटिंग सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याकडून करून घ्यावी. 'एकूण भाडे' अशी एकच रक्कम लिहू नये. मूळ भाडे, टोल, हमाली, वजनकाटा आणि हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचा आकार) यांच्या स्वतंत्र ओळी ठेवाव्यात, कारण वाद बहुधा मूळ भाड्यावर होत नाही. समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत जायचे की अहिल्यानगर-पुणे मार्गे, यावर टोल बदलतो. म्हणून मार्गही त्याच नोंदीत लिहावा. बिल आले, की जॉब क्रमांक टाकून ओळीला ओळ ताडून पाहावी, फरक असलेल्या ओळीपुरतीच रक्कम रोखावी आणि बाकीची वेळेवर द्यावी. पैशांसाठी ताटकळलेला गाडीमालक ऐन घाईत गाडी देत नाही.

एक दक्षता मात्र घ्यावी: प्रत्येक दरासोबत, विशेषतः शिपिंग लाइनच्या (जहाज कंपनीच्या) दरासोबत, त्याची मुदत भरावीच, अन्यथा मुदत संपलेला दर पुढच्या जॉबला तसाच लागतो आणि ग्राहकाला कोटेशन गेल्यानंतरच तोटा लक्षात येतो.