क्विल्टची बॉर्डर सपाट बसवण्यासाठी

क्विल्ट म्हणजे कापडाचे थर टाक्यांनी एकत्र शिवलेली गोधडी. तिचे ब्लॉक, म्हणजे तुकड्यांचे चौकोन, जोडून मधला भाग तयार झाला की त्याभोवती बॉर्डरच्या पट्ट्या लावणे हे किरकोळ काम समजले जाते आणि बहुधा म्हणूनच ते घाईत उरकले जाते. क्विल्ट जमिनीवर अंथरली की त्याचा परिणाम दिसतो. कधी मधला भाग सपाट बसतो पण कडा लाटांसारख्या उठतात, तर कधी कडा आत ओढल्या जाऊन मध्यभाग फुगतो. पहिल्या प्रकारात बॉर्डर मधल्या भागापेक्षा लांब असते, दुसऱ्यात ती आखूड असते. शिलाई कितीही सफाईदार असली तरी हा दोष झाकला जात नाही, कारण तो मुळात लांबीचा असतो.

लाटा उठण्यामागे बहुतेक वेळा एकच सवय असते. हवी त्यापेक्षा लांब पट्टी घ्यायची, ती कडेला लावून एका टोकापासून शिवत सुटायचे आणि शेवटी उरलेला तुकडा कापून टाकायचा. या पद्धतीत पट्टी किती लांबीची लागली हे कुणीच ठरवलेले नसते. मधल्या भागाची कड हाताळणीत, इस्त्रीत आणि स्वतःच्या वजनाने ताणली गेलेली असते. शिवाय शिलाई मशीन कापडाचे दोन थर सारख्या वेगाने पुढे नेत नाही. ताणलेल्या कडेइतकीच पट्टी तिला जोडली गेली की तो ताण कायमचा होतो.

म्हणून बॉर्डरची लांबी कडेवरून मोजू नये, ती मध्यातून मोजावी. मधला भाग इस्त्री करून टेबलावर किंवा जमिनीवर न ताणता पसरावा. त्याची उभी लांबी तीन ठिकाणी घ्यावी: बरोबर मध्यभागी, आणि डाव्या व उजव्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर. समजा ही मापे ६०.७५, ६१ आणि ६१.२५ इंच आली, तर सरासरी ६१ इंच येते आणि बाजूच्या दोन्ही पट्ट्या नेमक्या ६१ इंचांच्याच कापाव्यात. अशा वेळी कडेवर टेप लावला तर ६२ इंचही भरू शकतात, पण त्या जादा इंचाच्या मोहात पडू नये. दोन्ही पट्ट्या एकाच लांबीच्या असणे महत्त्वाचे आहे; समोरासमोरच्या बाजू असमान झाल्या तर क्विल्ट चौकोनी राहत नाही.

तीन मापांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त तफावत असेल, तर सरासरी काढण्याआधी शिवणी तपासाव्यात. दहा ब्लॉकच्या ओळीत नऊ शिवणी असतात. पाव इंचाची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेले कापड, प्रत्येक शिवणीत फक्त १/१६ इंचाने जास्त घेतली गेली, तरी शिवणीच्या दोन्ही बाजू मिळून १/८ इंच कापड जाते आणि संपूर्ण ओळ १ पूर्णांक १/८ इंचाने आखूड होते. एखादीच ओळ अशी आखूड झाली असेल तर ती उसवून नीट करणे, बॉर्डरला तिचा भार वाहायला लावण्यापेक्षा सोपे असते.

पट्ट्या कापताना कापडाच्या धाग्याची दिशा पाहावी. किनारीला समांतर, म्हणजे उभ्या धाग्यावर कापलेली पट्टी सर्वांत कमी ताणली जाते. आडव्या धाग्यावरची थोडी जास्त, आणि उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, कापलेली सर्वांत जास्त. कापड पुरेसे असेल तर बॉर्डरसाठी उभा धागाच घ्यावा आणि ब्लॉक कापायला सुरुवात करण्याआधी ते कापड बाजूला काढून ठेवावे. जोड द्यावाच लागला तर तो ४५ अंशांत तिरका द्यावा, कारण तिरका जोड डोळ्यांत कमी भरतो आणि मायेचा जाडपणाही एका जागी साठत नाही. ब्लॉक कोपऱ्यावर उभे ठेवलेले असतील, तर कडेच्या त्रिकोणांची बाहेरची बाजू उरेबावर आलेली नाही ना, हेही पाहून घ्यावे. आली असेल तर बॉर्डर लागेपर्यंत ती कड फारशी हाताळू नये, किंवा तिच्यापासून १/८ इंच आत एक टीप आधीच घालून ठेवावी.

आता जोडणी. पट्टीची घडी घालून मध्य आणि दोन चतुर्थांश बिंदू खुणा करून घ्यावेत, आणि मधल्या भागाच्या कडेवरही अशाच खुणा कराव्यात. सुलट बाजू आतल्या बाजूला ठेवून आधी दोन्ही टोके, मग मध्य, मग चतुर्थांश बिंदू टाचणीने जुळवावेत आणि उरलेल्या अंतरात दोन-तीन इंचांवर टाचण्या लावाव्यात. ६२ इंचांची कड ६१ इंचांच्या पट्टीत बसवताना प्रत्येक चतुर्थांशात पाव इंच जादा कापड येते. ते सारखे वाटले तर शिवणीत चुण्या न पडता सामावून जाते. शिवताना जास्त लांबीचा थर खाली ठेवावा, कारण मशीनचे दाते खालचा थर किंचित जास्त खेचून घेतात. वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही पुढे सरकवणारा मशीनचा पाय, असेल तर दोन्ही थर बरोबरीने पुढे सरकतात, तरीही टाचण्यांना पर्याय नाही. सुई जवळ येताच टाचणी काढावी, आणि कापड मागून ओढू नये.

शिवण पूर्ण झाल्यावर आधी तिच्यावर आहे त्या स्थितीत इस्त्री दाबावी, मग बॉर्डर उलगडून माया बॉर्डरच्या दिशेला वळवावी. इस्त्री पुढेमागे फिरवू नये, उचलून दाबावी. वाफेची इस्त्री जोराने फिरवली तर नीट कापलेली पट्टीही लांबते, आणि हा दोष नंतर शिलाईच्या माथी मारला जातो.

बाजूच्या पट्ट्या लागल्या की आडवी रुंदी पुन्हा तीन ठिकाणी मोजावी, या वेळी नव्या बॉर्डरसकट. त्या मापाने वरची आणि खालची पट्टी कापून तशीच जोडावी. एकाहून जास्त बॉर्डर असतील तर प्रत्येक वेळी हे सगळे नव्याने मोजावे. आधीच्या मापात दोन्ही बाजूंची रुंदी मिळवून चालत नाही. चारही बाजू लागल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तर कोपरे काटकोनात आहेत.

तिरके जोडलेले कोपरे सुबक दिसतात, पण साध्या छपाईच्या कापडात त्या मेहनतीचा फारसा उपयोग दिसत नाही; पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात मात्र ते शोभतात. त्यासाठी पट्टीची लांबी बाजूच्या मापात रुंदीची दुप्पट आणि चार इंच मिळवून घ्यावी. ६१ इंचांच्या बाजूला ५ इंच रुंद बॉर्डर लावायची तर ७५ इंच. मध्यापासून दोन्हीकडे साडेतीस इंचांवर खूण करून ती कोपऱ्याशी जुळवावी आणि शिवण कोपऱ्यापासून पाव इंच आत सुरू करून पाव इंच आतच थांबवावी.

बॉर्डर सपाट लागली तरी क्विल्टिंगमध्ये, म्हणजे सगळे थर टाक्यांनी एकत्र शिवताना, ती पुन्हा बिघडू शकते. मध्यभागी दाट टाके घातले आणि बॉर्डर मोकळी सोडली, तर मध्य आकसतो आणि बॉर्डरला जागा उरल्यासारखी होऊन ती लाटा घेते. म्हणून बॉर्डरवरही साधारण तितक्याच घनतेने टाके घालावेत.

लाटा आधीच आल्या असतील तर त्यावर वाफ देऊन पाहण्यात अर्थ आहे तो केवळ थोड्या फरकापुरता. जास्त असतील तर बॉर्डर उसवावी, पण ओढून नाही. तीन-चार टाक्यांनंतर एक टाका कापत गेले की दोरा दुसऱ्या बाजूने अलगद निघून येतो. मग कड एक दिवस सपाट पसरून ठेवावी आणि माप पुन्हा मध्यातूनच घ्यावे.