जुनं डन्जन नव्या नियमांत बसवताना

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, गोष्ट रचत खेळायच्या खेळाचं जुनं अ‍ॅडव्हेंचर (खेळायची तयार गोष्ट) नव्या नियमांत, म्हणजे २०१४ आणि २०२४च्या पुस्तकांत, आणायचं म्हटलं की बहुतेक जण आधी आकडे बदलायला बसतात. आर्मर क्लास (वार चुकवण्याचा आकडा) उलटा करायचा, हिट पॉइंट (जीव किती उरला तो आकडा) वाढवायचे, जुन्या पाच सेव्हिंग थ्रोंचे (संकटातून वाचायला टाकायच्या फाशांचे) नवे सहा कसे करायचे याचा तक्ता काढायचा. हे काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी गरजेचं. गॉब्लिन (छोटा राक्षस) लिहिलाय तिथे नव्या पुस्तकातला गॉब्लिन ठेवा, ओगरच्या (धिप्पाड राक्षसाच्या) जागी नवा ओगर ठेवा आणि पुढे चला. जपून न्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: वेळ, उजेड, ओझं आणि शत्रूशी बोलणी. जुनं डन्जन, म्हणजे शत्रूंनी आणि खजिन्याने भरलेली भुयारं, या चारांवर उभं असतं आणि नवे नियम नेमके हेच चार पाय सैल करतात.

मी जळगावात गणिताच्या शिकवण्या घेते. रविवारी ऊन उतरलं की आमच्या गच्चीवर टेबल मांडतो. सध्या गॅरी गायगॅक्स यांचं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' चालू आहे, त्यामुळे उदाहरणं त्यातलीच देते. १९८०च्या सुमारास डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या बेसिक पेटीतच हे पुस्तक मिळायचं, आणि शिकायला आजही याच्यासारखं दुसरं नाही. एक गढी, एक घळ, घळीच्या दोन्ही अंगांना गुहा. मनुदेवीच्या वाटेने सातपुड्यात शिरलेल्या माणसाला घळ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आधी वेळ. जुन्या नियमांत गुहेतला वेळ दहा-दहा मिनिटांच्या टर्नने मोजतात आणि दर दोन टर्नला एक सहा बाजूंचा फासा टाकतात. एक पडला की फिरता मॉन्स्टर आला. नव्या नियमांत टर्नचं हे मोजमाप राहिलं नाही, वर एक तासाचा शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आणि आठ तासांचा लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) आला. आता हिशेब करा. एका तासात तीन वेळा फासा पडतो, म्हणजे कोणीतरी येण्याची शक्यता ४२ टक्के. आठ तासांत चोवीस वेळा, म्हणजे जवळजवळ ९९ टक्के. हे आकडे प्लेअर्सना खेळ सुरू व्हायच्या आधी उघड सांगा. मग गुहेत पथारी पसरण्याआधी ते आपसांत वाद घालतील, आणि तो वाद ऐकण्यासारखा असतो. मी वहीच्या समासात टर्नच्या रेघा ओढते, सगळ्यांना दिसतील अशा.

उजेडाचं थोडक्यात. मशाल तेव्हाही तासभर जळायची, आजही तासभरच जळते. फरक असा की आता निम्म्या पार्टीला (प्लेअर्सच्या टोळीला) डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात बघायची नजर, असतं आणि लाइटचा मंत्र फुकट मिळतो. डार्कव्हिजनवाल्याला गडद अंधार अंधुक दिसतो, आणि अंधुक उजेडात नजरेने हेरायला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान आकडा धरणं) असतो, म्हणजे पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरलेला नजरेचा आकडा) पाचने कमी. पुष्कळ टेबलांवर हा नियम विसरलेला असतो. तो पाळलात तर लोक आपणहून मशाल पेटवतात आणि समोरच्यालाही मग ते लांबून दिसतात.

ओझ्याचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा, कारण आमच्यातला एक प्लेअर सराफ बाजारात कारागीर आहे. खजिना सापडला की तो पहिल्यांदा विचारतो, ‘ताई, नाणं किती तोळ्याचं?’ जुन्या नियमांत दहा नाण्यांचा एक पौंड, नव्यात पन्नास नाण्यांचा. म्हणजे जुनं नाणं जवळपास चार तोळ्यांचं आणि नवं तोळ्यालाही कमी. दोन हजार नाणी जुन्या हिशेबाने नव्वद किलो भरतात, नव्याने अठरा. नव्वद किलो सोनं बाहेर काढायला माणसं लागतात, खेचर लागतं, दोन-तीन खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेला पुन्हा तेच टर्न, तोच फासा. अठरा किलो एकटा फायटर (लढवय्या) पाठीवर टाकतो आणि निघतो. म्हणून वजन जुनंच ठेवा.

याला जोडूनच एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण; ते साठले की लेव्हल (पायरी) वाढते. बेसिकमध्ये गढीवर सुखरूप आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी मिळायचा. गॉब्लिन मारून मात्र फक्त पाच. त्यामुळे शहाणा माणूस लढाई टाळून सोनं उचलायचा. नव्या नियमांत गॉब्लिनचे पन्नास मिळतात, सोन्याचे शून्य, आणि खेळ आपोआप कत्तलीकडे वळतो. जुन्या फायटरला दुसऱ्या लेव्हलला दोन हजार लागायचे, आता तीनशे पुरतात. म्हणून नाण्याला एक एक्सपी तसाच ठेवला तर लोक एका रात्रीत वर जातील. मी गढीच्या फाटकातून आत आलेल्या पाच नाण्यांना एक एक्सपी देते आणि मारलेल्या मॉन्स्टरचे निम्मे. माइलस्टोनने, म्हणजे गुण न मोजता गोष्टीच्या टप्प्यावर, लेव्हल देऊ नका. या अ‍ॅडव्हेंचरमधली हाव त्याने मरते, आणि हाव गेली की उरतात फक्त खोल्या.

आता गॉब्लिनांची गुहा. पहारेकऱ्यांच्या खोलीत सहा गॉब्लिन आहेत. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी २०१४चं गणित मांडलं तर ही लढाई डेडली (जीवघेणी) निघते, २०२४च्या नियमांनी मॉडरेट (मध्यम). एकाच खोलीबद्दल दोन पुस्तकं इतकी लांब जातात, तेव्हा सहाचे चार करायची घाई नको. सहाच ठेवा आणि जुना मोराल, म्हणजे शत्रू धीर सोडतो का ते बघायचा फासा, परत आणा. पहिला गॉब्लिन पडला की सहा बाजूंचे दोन फासे टाका, निम्मे पडले की पुन्हा टाका. बेरीज सातपेक्षा जास्त आली तर उरलेले पळतात. प्रत्येक वेळी ही शक्यता ४२ टक्के असते, त्यामुळे लढाई बहुधा अर्ध्यावरच मिटते.

पण पळणारे गॉब्लिन सोन्याची थैली शेजारच्या ओगरकडे फेकतात, अडीचशे नाण्यांची, आणि तो मदतीला येतो. २०१४च्या पुस्तकातला ओगर ५९ हिट पॉइंटांचा, एका तडाख्यात सरासरी १३. पहिल्या लेव्हलचा बहुतेक कोणीही आडवा होतो. त्याचे पॉइंट कापू नका. मूळ पुस्तकातच लिहिलंय की याहून मोठी रक्कम, तीही डोळ्यांना दिसणारी आणि हाताला लागणारी, पुढे केली तर तो नव्वद टक्के वेळा बाजू बदलतो. इथे जुनं वजन कामाला येतं. अडीचशेहून जास्त नाणी म्हणजे अकरा किलोच्या वर, ती पार्टीकडे त्या क्षणी सोबत असायला हवीत. आमच्या टेबलावर ओगर अहिराणीत बोलतो. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘कितला देशात?’ (किती द्याल?) तेव्हा सगळ्यांनी फासे खाली ठेवून आपापल्या थैल्या मोजायला घेतल्या. त्याला पैसे देऊन वळवलं तर मारल्याइतकेच एक्सपी द्या.

ट्रॅप (सापळे) बदलताना शक्यता तीच ठेवा. कोबोल्डांच्या (आणखी एका छोट्या राक्षसजातीच्या) दाराशी खड्डा आहे, पुढच्या रांगेतला माणूस सहात तीन वेळा पडतो. डेक्स्टेरिटी सेव्हला (वीस बाजूंच्या फाशाने चपळाईची परीक्षा) दोनची भर असलेल्यासाठी डीसी (गाठायचा आकडा) १३ लावला की बरोबर निम्मे पडतात. पण काठीने जमीन ठोकत जाणाऱ्याकडून सेव्ह मागू नका, त्याला खड्डा सापडलाच.

गढीतल्या माणसांना मूळ पुस्तकात नावं नाहीत, ती आधीच लिहून ठेवा. गुहांमध्ये गॉब्लिनांची बायका-पोरंही आहेत. ती काढून टाकू नका, पण लढाईआधी टेबलावर मोकळं बोलून घ्या. आमच्याकडे ठरलं की शस्त्र न उचललेल्यावर हात टाकायचा नाही, आणि त्याने पुढच्या बोलण्यांना वाट मिळाली.

नकाशा आहे तसाच राहू द्या. मात्र त्यावरचा एक चौकोन दहा फुटांचा आहे आणि नवी लढाई पाच फुटांच्या चौकोनांवर चालते, तेव्हा आलेखाच्या कागदावर प्रत्येकाचे चार करून घ्या. बोळात दोघं शेजारी-शेजारी उभे राहतात, तिसरा मागून लांब पल्ल्याचा भाला (पाइक) चालवतो.