सुतळी आणि काठी घेऊन झाड कसं मोजायचं

लेझरवालं मशीन नसलं तरी चालतं, सुतळी, शिंप्याची टेप आणि एक सरळ काठी बास. मी रविवारी सकाळी माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनमध्ये हेच करत बसतो, लोक वेड्यासारखं बघतात.

आधी घेर. जमिनीपासून 1.37 मीटर, म्हणजे साडेचार फुटांवर सुतळी गुंडाळायची, तिरकी गेली की आकडा उगाच फुगतो. उतारावर असेल तर वरच्या बाजूने उंची धरा. घेराला 3.14 ने भागलं की व्यास.

आता उंची, इथेच मजा आहे. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढीच काठी मुठीच्या वर उभी राहील अशी धरा, हात ताठ, आणि मागे मागे जात राहा, जोवर मुठीची वरची कड बुंध्याला आणि काठीचं टोक शेंड्याला टेकलेलं दिसत नाही. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे साधारण उंची. मुंबईत प्रॉब्लेम एकच, मागे जायला जागा कुठेय, पार्क केलेली स्कूटर लागते लगेच!

लाकूड किती ते ओंडक्यावरून काढतात. मधला घेर इंचात घ्या, 4 ने भागा, वर्ग करा, 144 ने भागा आणि लांबीच्या फुटांनी गुणा. घेर 60, लांबी 10 फूट तर 15.6 घनफूट. खरं लाकूड जवळपास 20 असतं, पण ही हॉपस पद्धत कापताना जाणारी तूट आधीच धरते. विकत घेताना आकडा कुठल्या पद्धतीचा ते आधी विचारा.