नवशिक्या प्लगइन डेव्हलपरांसाठी नॉलेज बेस: पहिलं पान लिहिण्याआधीची तयारी

नॉलेज बेस, म्हणजे अडचणी आणि त्यांच्या उपायांच्या पानांचा संग्रह, लिहायला बसण्याआधी प्रश्न गोळा करा. तुमच्या गटातल्या नवशिक्यांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत चॅटवर, फोनवर, शेजारच्या खुर्चीवरून जे जे विचारलं, ते त्यांच्याच शब्दांत एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. ‘हुक म्हणजे काय ते सविस्तर सांगा’ असं नवशिका सहसा विचारत नाही. तो विचारतो, ‘प्लगइन चालू केलं आणि सगळ्या लेखांतला मजकूरच गायब झाला, आता काय करू?’ पानाचं शीर्षकही याच भाषेत हवं, कारण अडल्यावर तो हेच शब्द टाइप करून शोधणार. मी उदाहरणं वर्डप्रेसची (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरची) देतोय, रोजचा संबंध त्याच्याशी आहे म्हणून. ब्राउझरचं एक्स्टेंशन किंवा एडिटरचं प्लगइन लिहिणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतील, तयारी साधारण हीच.

प्रश्नांच्या सोबत एरर मेसेज जमवा, आणि ते मजकूर म्हणून, स्क्रीनशॉट नकोत. चित्रातला मेसेज शोधात सापडत नाही. मेसेज रोमन लिपीत जसा येतो तसा, एक अक्षरही न बदलता डकवायचा आणि त्याचा अर्थ खाली मराठीत सांगायचा. याच ओघात एकदा ठरवून टाका की ‘प्लगइन’ लिहायचं की ‘प्लग-इन’, ‘ॲक्शन’ की ‘अ‍ॅक्शन’. प्रत्येकाने आपापल्या परीने लिहिलं की शोध निकामी होतो. हुक (वर्डप्रेसच्या कामात आपला कोड जोडायची जागा), ॲक्शन (त्या जागी काहीतरी काम करणारा हुक), फिल्टर (हाती आलेली गोष्ट बदलून परत देणारा हुक), नॉन्स (विनंती युजरने स्वतःच केली का हे तपासायची खूण), टेक्स्ट डोमेन (प्लगइनच्या भाषांतरांची ओळख) या शब्दांचं एक छोटं पान सुरुवातीलाच करून ठेवा.

मेसेज किती बारकाईने वाचायचा असतो, याचं एक उदाहरण. प्लगइन चालू करताना वर्डप्रेस कधीकधी सांगतो की या प्लगइनने अमुक इतकी अनपेक्षित अक्षरं बाहेर टाकली. तो आकडा 3 असेल तर पहिला संशय बीओएमवर घ्यायचा: एडिटरने फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करताना अगदी सुरुवातीला लपवलेले 3 बाइट. कोड कितीही वेळा वाचला तरी ते डोळ्यांना दिसत नाहीत. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली होती, आणि उपाय होता एडिटरमध्ये ‘बीओएमशिवाय जतन करा’ हा पर्याय निवडणं. नवशिक्याची अशी संध्याकाळ वाचवणारं पान हे संग्रहातलं सगळ्यात मोलाचं पान असतं.

आता पानाचा साचा. लक्षण, कारण, उपाय, आणि शेवटी कोणत्या व्हर्जनवर, कोणत्या तारखेला, कोणी तपासलं. हा शेवटचा भाग कंटाळा करून गाळला जातो आणि संग्रह तिथूनच सडायला लागतो. उदाहरणार्थ, ॲड_ॲक्शनने (ॲक्शनला कोड जोडणाऱ्या फंक्शनने) जोडलेल्या फंक्शनला दोन पॅरामीटर हवे असतील, तर किती आर्ग्युमेंट घ्यायची ते शेवटच्या जागी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर एकच मिळतं. जुन्या पीएचपीवर (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्यावर) याबद्दल नुसती वॉर्निंग यायची, 7.1 पासून तीच चूक फेटल एरर आहे. किंवा प्लगइनमुळे साइट बंद पडली, तर पूर्वी एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंत पोहोचायच्या मार्गाने) त्याच्या फोल्डरचं नाव बदलणं हाच सल्ला दिला जायचा. तो आजही चालतो, पण वर्डप्रेसच्या 2019 मधल्या 5.2 व्हर्जनपासून रिकव्हरी मोडची (बिघडलेलं प्लगइन थांबवून आत शिरायच्या सोयीची) लिंक ॲडमिनच्या ईमेलवर येते, म्हणून आधी ईमेल पाहायला सांगायचं. पानावर व्हर्जन नसेल तर वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

कोडचे तुकडे देऊ नका, चालणारी पूर्ण फाइल द्या: वरच्या कॉमेंटमध्ये प्लगइनचं नाव, फंक्शनांच्या नावांना स्वतःचा प्रीफिक्स (सुरुवातीचा शब्द) आणि एकच काम. कोऱ्या इन्स्टॉलेशनवर, डब्ल्यूपी_डीबग आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉग (चुका दाखवायच्या आणि फाइलमध्ये नोंदवायच्या सेटिंग) चालू ठेवून ती चालवून बघा आणि डीबग.लॉग रिकामा राहिला तरच पानावर चढवा. मजकूर गायब होण्याचा तो प्रश्न अशाच फाइलने सुटतो. द_कंटेंट या फिल्टरला जोडलेल्या फंक्शनने मजकूर हातात घेतला, पण रिटर्न केला नाही, की वर्डप्रेसच्या हाती काहीच उरत नाही. चुकीची फाइल आणि बरोबर फाइल शेजारी-शेजारी ठेवा; फरक एका ओळीचा आहे हे दिसलं की विसरणं अवघड.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. ‘शिकण्यापुरतं आहे, नॉन्स नंतर घालू’ असा नमुना संग्रहात एकही नको. नवशिके नमुना उचलतात आणि तोच खऱ्या साइटवर जातो, त्यात त्यांचा दोष नाही, नमुना आपण दिलेला असतो. फॉर्म असेल तर नॉन्स हवा आणि युजरला ते काम करायची परवानगी आहे का याची वेगळी तपासणीही हवी, कारण नॉन्स म्हणजे परवानगी नव्हे. आत येणारा डेटा सॅनिटाइझ (साफ) करून, बाहेर जाणारा एस्केप (कोड म्हणून चालणार नाही असा) करून, आणि डेटाबेसची क्वेरी प्रीपेअर (किमती सुरक्षितपणे भरून) करूनच.

लायसन्स पहिल्याच दिवशी ठरवा. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली आहे, म्हणून नमुना कोडही त्याच्याशी जुळणाऱ्या लायसन्सखाली ठेवणं सोयीचं. लॉग डकवण्याआधी त्यातले पासवर्ड, एपीआय की आणि ईमेल पत्ते काढायचे, हा नियम लिहिण्याच्या साच्यातच घाला. साठवायला गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आणि मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) उत्तम, पण गटातल्या अर्ध्या लोकांना गिट येत नसेल तर साधं सामायिक डॉक्युमेंट चालेल. बदलांचा इतिहास दिसला म्हणजे झालं. प्रत्येक पानाला एक सांभाळणारा माणूस नेमा. वर्डप्रेसचं नवं मोठं व्हर्जन आलं की त्याने आपली फाइल पुन्हा चालवायची आणि तारीख बदलायची.

दहा-बारा पानं झाली की ज्याने आजवर एकही प्लगइन लिहिलेलं नाही अशा एकाला बोलवा. त्याला एक मोडका प्लगइन द्या, संग्रह उघडून द्या आणि शेजारी गप्प बसा. तो शोधात कोणते शब्द टाकतो, कुठल्या वाक्यावर थांबून मागे जातो, कोणती पायरी गाळतो ते टिपून घ्या. मदत करायचा मोह होईल, तो आवरा. ते टिपण प्रश्नांच्या पहिल्या फाइलमध्ये घाला, त्यातून निघालेल्या दुरुस्त्या करा आणि मग बाकीच्यांना लिंक पाठवा.